चढावर इंजिनाची चाके जागीच फिरतात : चालक चाकांची जागा आणि त्यांच्यावरचे वजन कसे तपासावे

सपाट रुळांवर पंधरा-अठरा वाघिणी सहज ओढणारे मॉडेल इंजिन चढ लागताच सात-आठ वाघिणींनाही दमते. मोटार चालू असते, आवाज नेहमीसारखा येत असतो, चाकेही फिरत असतात. गाडी मात्र जागची हलत नाही. रूळ पुसून काढले की दोन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली या पट्ट्यात पडवीत किंवा माळ्यावर लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची मांडणी, करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की या तक्रारीला विशेष जोर चढतो.

खापर बहुधा रुळांवर नाहीतर मोटारीवर फोडले जाते. रूळ घासून घासून चकचकीत केले जातात, मोटार बदलली जाते, कंट्रोलर मोठा आणला जातो. या सगळ्याचा थोडाफार उपयोग होतोही. परंतु तीच अडचण त्याच चढावर वारंवार येत असेल, तर आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, आणि तो म्हणजे इंजिनाच्या एकूण वजनापैकी किती वजन मोटारीने फिरणाऱ्या, म्हणजे चालक, चाकांवर पडत आहे. या प्रश्नाचे उत्तर हातात नसताना केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओढ कुठून येते

इंजिन जास्तीत जास्त किती ओढू शकेल, हे दोन गोष्टींवर ठरते: चालक चाकांवर पडणारे वजन, आणि चाक व रूळ यांच्यातील घर्षणाचा गुणांक. या दोहोंचा गुणाकार म्हणजे ओढीची कमाल मर्यादा. मोटार कितीही दमदार असली तरी ती या मर्यादेच्या आतच उपयोगी पडते. मर्यादा ओलांडली की पकड सुटते आणि मोटारीची उरलेली सगळी ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते. धातूचे चाक आणि निकेल-सिल्व्हरचा स्वच्छ, कोरडा रूळ यांच्यातील गुणांक ढोबळमानाने ०.२ ते ०.२५ धरतात. म्हणजे चालक चाकांवर १०० ग्रॅम वजन असेल, तर ओढ साधारण २० ते २५ ग्रॅम मिळते. मोकळ्या, म्हणजे मोटारीशी न जोडलेल्या चाकांवर पडलेले वजन ओढीत काहीच भर घालत नाही; उलट चढावर ते वर नेण्याचे काम मात्र चालक चाकांवरच येते.

एच-ओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले, ४०० ग्रॅम वजनाचे सहा आसांचे एक डिझेल इंजिन डोळ्यांसमोर आणू. त्याखाली प्रत्येकी तीन आसांच्या दोन बोगी आहेत. (प्रवासी डब्याला आपण बोगी म्हणतो ती येथे अभिप्रेत नाही, इंजिनाखाली वळणारी चाकांची चौकट अभिप्रेत आहे.) वजन दोन्ही बोगींवर सारखे आहे आणि गुणांक ०.२ आहे, असे धरू. सहाही आस मोटारीने फिरत असतील तर ओढ ८० ग्रॅम मिळेल. प्रत्येक बोगीतील तीनपैकी दोनच आस फिरत असतील तर ती सुमारे ५३ ग्रॅमवर येईल, आणि एकाच बोगीला मोटार जोडलेली असेल तर केवळ ४० ग्रॅम उरेल. तिन्ही इंजिने दिसायला एकसारखी, वजनाला एकसारखी, आणि कदाचित मोटारही एकाच जातीची असेल.

आता यामागे प्रत्येकी ११० ग्रॅमच्या वाघिणी लावू. चाके मोकळी फिरणाऱ्या वाघिणीला सपाटीवर ओढायला तिच्या वजनाच्या दोन टक्के जोर लागतो असे धरले, तर एका वाघिणीसाठी २.२ ग्रॅम पुरतात. त्यामुळे एकाच बोगीला मोटार असलेले इंजिनही सपाटीवर अठरा वाघिणी ओढून दाखवते आणि मालकाची खात्री पटते की इंजिन उत्तम आहे. ४० ला १ चढावर, म्हणजे चाळीस मिलिमीटर पुढे गेल्यावर एक मिलिमीटर वर जाणाऱ्या रुळावर, मात्र प्रत्येक वाघिणीमागे पावणेतीन ग्रॅमचा जादा भार येतो आणि इंजिनाला स्वतःचे वजन वर नेण्यासाठीच १० ग्रॅम खर्च करावे लागतात. हिशेब केला तर या चढावर एका बोगीवर चालणारे इंजिन सहा वाघिणी नेते, चार आसांवर चालणारे आठ, आणि सहाही आसांवर चालणारे चौदा. अठरावरून सहावर येणे हा बिघाड नाही. इंजिनाच्या रचनेतच ते आहे, आणि हे कळले की अर्धी डोकेदुखी कमी होते.

प्रत्यक्ष रेल्वेलाही हा हिशेब चुकलेला नाही. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीपी-४ या ४००० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला सहा आस होते, पण प्रत्येक बोगीतील दोनच आसांना मोटारी होत्या; पुढे आलेल्या डब्ल्यूडीपी-४बी या रूपात सहाही आसांना मोटारी देण्यात आल्या. आपल्या रायगड जिल्ह्यातील नेरळ-माथेरान मार्गाचे उदाहरण तर मला फार बोलके वाटते. १९०७ साली सुरू झालेल्या या ६१० मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर २० ला १ इतका तीव्र चढ आहे आणि वळणे अत्यंत घट्ट आहेत. घट्ट वळणासाठी पुढे-मागे मोकळी चाके लावणे सोपे होते. परंतु ऑरेनस्टाइन आणि कॉपेल या जर्मन कंपनीने त्या मार्गासाठी बांधलेल्या वाफेच्या इंजिनांना तीनच आस होते आणि तिन्ही चालक होते. टोकांच्या आसांना बाजूला सरकता येईल अशी क्लिन-लिंडनर पद्धतीची योजना करून वळणाचा प्रश्न सोडवला गेला. वळणासाठी पकडीचा बळी द्यायचा नाही, हा त्या रचनेमागचा विचार मॉडेल निवडतानाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कोकण रेल्वेच्या आखणीत मालगाड्यांचा विचार करून चढ १५० ला १ इतका सौम्य ठेवलेला आहे, आणि त्यासाठीच एवढे बोगदे, कापण्या आणि उंच पूल बांधावे लागले. घरातल्या लेआउटवर ती चैन परवडत नाही. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी एच-ओ मापात साधारण ७० मिलिमीटर उंची गाठावी लागते. १५० ला १ चढाने त्यासाठी साडेदहा मीटर लांबी लागेल, आणि एवढी सलग जागा फारच थोड्या घरांत मिळते. ४० ला १ चढाने तेच काम २.८ मीटरमध्ये होते, म्हणून आपण सगळे नकळत कोकण रेल्वेच्या देखाव्यात घाटाचा चढ बसवतो. (बोरघाटातील चढ ३७ ला १ आहे आणि तेथे मागून जादा इंजिने लावावी लागतात.) तेव्हा खऱ्या मार्गावर जी गाडी एका इंजिनावर जाते, ती आपल्या पडवीत का जात नाही, याचे उत्तर आखणीतही दडलेले असते.

आधी मोजून घ्यावे

उपाय करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांसाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरेसा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक बोगीवरचे वजन. काट्यावर रुळाचा एक छोटा तुकडा ठेवावा, त्याच उंचीचा दुसरा तुकडा लाकडी ठोकळ्यावर शेजारी ठेवावा, आणि एक बोगी काट्यावर व दुसरी ठोकळ्यावर येईल असे इंजिन उभे करावे. दोन्ही तुकड्यांची उंची अगदी सारखी हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. मग इंजिन उलटे फिरवून दुसऱ्या बोगीचे वजन घ्यावे. दोन्ही आकड्यांची बेरीज इंजिनाच्या एकूण वजनाइतकी आली, तर मोजणी बरोबर झाली असे समजावे. एकाच बोगीला मोटार असलेल्या इंजिनात त्या बोगीवर निम्म्याहून जास्त वजन असायला हवे. ते निम्म्याहून कमी निघाले तर दोष तेथेच सापडला.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणती चाके खरोखर फिरतात. इंजिन फोमच्या खाचेत उलटे ठेवून चाकांना दोन तारांनी वीज द्यावी आणि प्रत्येक आसाकडे स्वतंत्र पाहावे. मध्यभागी मोटार आणि दोन्ही बाजूंना जोडदांडे अशी रचना असलेल्या इंजिनात एका बाजूचा जोडदांडा निसटलेला असतो किंवा आसावरचे प्लास्टिकचे दातेरी चाक तडकलेले असते, आणि तरीही इंजिन सपाटीवर निमूटपणे चालत राहते. सहा आसांचे म्हणून घेतलेले इंजिन प्रत्यक्षात तीन आसांवर चालत असते आणि त्याचा पत्ता चढावर लागतो. चाके नुसती फिरतात एवढ्यावर समाधान मानू नये. फिरत्या चाकावर बोटाचा हलका दाब द्यावा. दातेरी चाक तडकलेले असेल तर चाक थांबते आणि मोटार फिरत राहते, किंवा दर फेऱ्याला एक बारीक टिक असा आवाज येतो. तडकलेले दातेरी चाक गोंदाने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, ते थोड्याच दिवसांत पुन्हा उकलते. आसासह नवे बसवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष ओढ. टेबलाच्या कडेला एक छोटी, सहज फिरणारी कप्पी लावावी. इंजिनाच्या मागच्या कपलरला, म्हणजे वाघीण अडकवायच्या जोडणीला, बांधलेला दोरा त्या कप्पीवरून खाली सोडावा आणि त्याच्या टोकाला पाव किलोचे वजन बांधून ते काट्यावर टेकवावे. दोरा ताठ, रुळांना समांतर आणि कपलरच्याच उंचीवर हवा. इंजिन ओढू लागले की काट्यावरचा आकडा उतरतो. चाके जागीच फिरू लागतात त्या क्षणी २५० च्या जागी २१० दिसले, तर इंजिनाची ओढ ४० ग्रॅम आहे. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांत उरकावी, कारण एकाच जागी फिरणारे चाक रुळाला आणि स्वतःला झिजवते. नंतर इंजिन उलट दिशेला तोंड करून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

या दुसऱ्या परीक्षेचा अर्थ नीट लावायला हवा. इंजिन ओढत असताना त्याचे थोडे वजन पुढच्या बोगीवरून मागच्या बोगीवर सरकते, त्यामुळे मोटारीची बोगी मागे असेल तर पकड किंचित वाढते आणि पुढे असेल तर किंचित कमी होते. परंतु कपलर रुळापासून १० मिलिमीटर उंचीवर आणि दोन बोगींच्या मध्यांतील अंतर १३० मिलिमीटर धरले, तर वरच्या उदाहरणात ४० ला १ चढावर मिळून जेमतेम पाच ग्रॅम वजन इकडचे तिकडे होते. ओढीतला फरक दोन ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या वाघिणीचाही नाही. इंजिन फिरवून लावल्यावर तीन-चार वाघिणींचा फरक पडत असेल, तर तो या कारणाने नव्हे. मग मुळातच वजन असमान आहे, किंवा इंजिनाचा कपलर आणि वाघिणीचा कपलर यांची उंची जुळत नसल्यामुळे ओढताना बोगी उचलली जात आहे, असे समजून त्या दिशेने शोध घ्यावा. कपलर इंजिनाच्या चौकटीला न लावता थेट बोगीला लावलेला असेल, तर ही उचल विशेष जाणवते.

चाके नेमकी कुठे सुटतात

ओढ मोजून झाली की गाडी चढावर घालावी आणि डोळे रुळाच्या पातळीवर आणून पाहावे. चाके कोणत्या ठिकाणी सुटतात यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येते.

चढाच्या मध्यावर, जवळजवळ सगळ्या वाघिणी चढावर आल्यावर चाके सुटत असतील, तर तो सरळ वजनाचा हिशेब आहे. चढ आणि वळण एकत्र असेल तर वळणाचे घर्षण त्यात मिळते. म्हणून लेआउटच्या कोपऱ्यातला चढ सरळ रुळावरच्या चढापेक्षा नेहमी अवघड भासतो, आणि शक्य असेल तेथे वळणावरचा चढ थोडा उतरवून घेणे हिताचे असते.

माथ्यावर, म्हणजे चढ संपून सपाटी लागते त्याच ठिकाणी चाके सुटत असतील, तर मामला वेगळा आहे. तीन आसांच्या काही बोगींमध्ये टोकांचे दोन आस चालक असतात आणि मधला मोकळा असतो. माथ्यावर रूळ उंचवट्यासारखा वळतो, मधले चाक रुळावर टेकते आणि टोकांची दोन्ही चाके केसभर उचलली जातात. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी वजन मोकळ्या चाकावर जाते. रुळावर हलक्या हाताने कागदाची पट्टी सरकवून हे स्वतः पाहता येते: इंजिन माथ्यावर उभे करून टोकाच्या चालक चाकाखाली पट्टी सरकवावी. ती अडखळत का होईना आत गेली, तर चाक अधांतरी आहे. मधला आस वर-खाली खेळू शकेल इतकी जागा चौकटीत असेल तर ही अडचण येत नाही. नसेल तर खाचेची वरची बाजू थोडी कानशीने घासून ती जागा करता येते. पण त्याहून चांगला उपाय रुळात आहे. चढ आणि सपाटी यांच्यामध्ये निदान एका इंजिनाच्या लांबीइतकी हळूहळू बदलणारी रेषा ठेवावी आणि रुळाखाली पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या सरकवून ती साधावी.

चढाच्या पायथ्याशी याच्या उलट घडते. तेथे रूळ खोलगट होतो, टोकाची चाके टेकतात आणि मधले लोंबते. टोकाचे आस चालक असतील तर पकड उलट सुधारते. सगळे आस एकमेकांना दांड्यांनी जोडलेल्या वाफेच्या इंजिनात माथा काय आणि पायथा काय, ओढीत फारसा फरक पडत नाही, कारण वजन कोणत्याही चाकावर गेले तरी ते चालकच असते. मात्र अधांतरी राहिलेली चाके वीज घेत नाहीत, म्हणून इंजिन अडखळते. पकड सुटणे आणि वीज तुटणे यांत गल्लत होऊ देऊ नये. पकड सुटली की चाके फिरत राहतात, वीज तुटली की चाके थांबतात.

पावसाळ्यात भर कशाची पडते

इंजिनाची रचना बारा महिने तीच असते, मग त्रास जूनपासूनच का वाढतो, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर असे की जे इंजिन उन्हाळ्यात मर्यादेच्या अगदी काठावर चालत होते, ते पावसाळ्यात त्या मर्यादेपलीकडे ढकलले जाते.

समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि रुळांवर बसतात. साधे मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी शोषून विरघळू लागते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यातली आर्द्रता त्याच्या वरच असते. त्यामुळे रुळावर ओलसर थर येतो, त्यात धूळ आणि गिअरमधून उडालेले तेल मिसळते, आणि पकड उतरते. गुणांक ०.२ वरून ०.१५ वर आला तर वरच्या उदाहरणातले एका बोगीचे इंजिन सहाऐवजी चारच वाघिणी नेते. सहाही आस चालणारे इंजिन चौदावरून दहावर येते. पण दहा वाघिणींची गाडी चालवणाऱ्या घरात ते पूर्वीसारखेच चालताना दिसते, म्हणून त्याच्या मालकाला पावसाळा जाणवत नाही.

रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ सुती कापडाने पुसावेत आणि त्याचबरोबर चाकेही पुसावीत. चाके विसरली तर पुसलेला थर पहिल्याच फेरीत रुळावर परत येतो. बाटली उघडी ठेवून दिवा किंवा उदबत्ती पेटलेल्या खोलीत हे काम करू नये, कारण हा द्रव लगेच पेट घेतो. वीज नीट मिळावी म्हणून काही जण रुळांना ग्रॅफाइट लावतात. ते सपाटीवर ठीक आहे. पण ग्रॅफाइट हे मुळात वंगण आहे, म्हणून चढावर त्याचा हात जपूनच फिरवावा. घरात हाताशी असते म्हणून गिअरला खोबरेल तेल घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. थंडीच्या दिवसांत ते गोठते, कालांतराने चिकट होते, आणि गिअरमधून उडून चाकांवर आले की पकड घालवते. प्लास्टिकला न खाणारे हलके तेल सुईच्या टोकाने थेंबभर लावणे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. दमट हवेत प्लायवूड फुगते आणि आधारांच्या मधल्या भागात किंचित झोल खाते. जो माथा मे महिन्यात सौम्य होता तो श्रावणात टोकदार होतो, आणि मधला आस मोकळा असलेल्या इंजिनाला तेवढे कारण पुरते. रुळावर ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी उभी धरून मागून टॉर्चचा उजेड टाकावा. फटीतून दिसणारा प्रकाश झोल कुठे आहे ते सांगतो. नवे लेआउट करणाऱ्यांनी मरीन प्लाय घ्यावे, खालची बाजू आणि कडा यांनाही वॉर्निश द्यावे, आणि चढाच्या भागात आधार जवळजवळ ठेवावेत. कौलारू घराच्या माळ्यावर मांडणी असेल तर हे दुप्पट लागू आहे.

वजन वाढवायचे तर कुठे

वजन वाढवणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, आणि तो योग्यही आहे, पण वजन चालक चाकांवर पडले तरच. एका बोगीवर चालणाऱ्या इंजिनात जेथे मोकळी जागा असते ती बहुधा मोकळ्या बोगीच्या वर असते, आणि नेमके तेथेच शिसे भरले जाते. असे ५० ग्रॅम भरले तर ओढ जवळपास तेवढीच राहते आणि ४० ला १ चढावर सव्वा ग्रॅमचा नवा भार मात्र मिळतो. तेच ५० ग्रॅम मोटारीच्या बोगीच्या बरोबर वर बसले तर ओढ १० ग्रॅमने वाढते, म्हणजे आणखी एक-दोन वाघिणी जातात. म्हणून शिसे चिकटवण्यापूर्वी ते छपरावर चिकटपट्टीने तात्पुरते ठेवून बोगींची वजने पुन्हा घ्यावीत.

वाफेच्या इंजिनात चाकांची मांडणी आणखी बारकाईने पाहावी लागते. डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाला पुढे चार लहान चाके, मध्ये सहा चालक चाके आणि मागे दोन लहान चाके असतात. अशा मॉडेलमध्ये लहान चाकांच्या चौकटीवरची स्प्रिंग कडक असेल तर ती इंजिनच उचलून धरते आणि चालक चाकांवरचे वजन हिरावून घेते. स्प्रिंग इतकीच हवी की लहान चाके वळणावर रूळ सोडणार नाहीत. इंजिन एका गोल पेन्सिलीवर आडवे तोलून पाहावे. तोल मधल्या चालक आसाच्या वर किंवा अगदी जवळपास साधला पाहिजे. तो मागे गेला असेल तर वजन बॉयलरच्या पुढच्या भागात, धुराड्याखाली द्यावे.

शिसे मिळवण्यासाठी किनाऱ्यावर फार धावपळ करावी लागत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांजवळच्या दुकानांत जाळ्याला लावायची शिशाची वजने मिळतात. ती हातोडीने चपटी करून कात्रीने हव्या त्या आकारात कापता येतात. शिसे विषारी असल्याने कानस मारून त्याची भुकटी उडवू नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे. बारीक गोळ्या बंद पोकळीत भरून त्यांवर लाकडाचा पांढरा गोंद ओतण्याची पद्धत विशेषतः आपल्या दमट हवेत टाळावी: अशा जागी शिशावर पांढरी पूड चढते, ती फुगते आणि कालांतराने इंजिनाचे कवच फाडते. इपॉक्सीने चिकटवावे आणि उघडे शिसे रंगाने झाकावे.

वजनाला मर्यादा कुठे घालायची, याची कसोटी सोपी आहे. इंजिन हाताने अडवून पूर्ण व्होल्टेज दिले असता चाके जागीच फिरली पाहिजेत. ती न फिरता मोटारच थांबून गुणगुणू लागली, तर वजन जास्त झाले. अशा स्थितीत मोटारीतून वाजवीपेक्षा जास्त विद्युतप्रवाह जातो आणि ती जळते. रबरी टायर बसवताना हीच कसोटी लावावी. रबरी टायरने पकड निश्चितच वाढते, पण ते चाक वीज घेणे सोडते, आणि झिजून कडक झालेला टायर इंजिन एका बाजूला कलवतो. माझ्या मते हा वजनाची मांडणी सुधारून झाल्यानंतरचा उपाय आहे.

टेंडरमध्ये मोटार असेल तर

काही वाफेच्या मॉडेलांत मोटार इंजिनात नसून मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या गाड्यात, असते. तेथे टेंडरच गाडी ओढतो आणि इंजिनाला पुढे ढकलतो. बॉयलरमध्ये भरलेले शिसे अशा मॉडेलात निव्वळ ओझे ठरते. वजन कोळशाच्या ढिगाखाली, टेंडरच्या चालक आसांवर द्यावे. इंजिनाची मोठी चाके न फिरता रुळावरून फरफटत जात असतील, तर त्यांच्या दांड्यांत काहीतरी अडकते आहे. इंजिन टेंडरपासून सोडवून तिरप्या फळीवर ठेवावे. ते बोट न लावता, चाके फिरवत खाली आले पाहिजे. वळणावर पुढची लहान चाके वारंवार रूळ सोडत असतील, तरी आधी हीच परीक्षा घ्यावी, कारण अडखळणाऱ्या इंजिनाला मागून रेटले की ते बाहेरच्या रुळाकडे वळते.

मोटार असलेला डबा आणि मागचे इंजिन

मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून तिचे मॉडेल चालवण्याची हौस वाढली आहे. खऱ्या गाडीत मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या आहेत. मॉडेलमध्ये बहुतेक वेळा एकाच डब्याला मोटार असते. तो डबा टोकाला असेल तर परतीच्या फेरीत सगळे डबे त्याला पुढे ढकलावे लागतात आणि घट्ट वळणावर हलका डबा उचलून बाहेर पडतो. तो मध्यावर ठेवला तर कोणत्याही दिशेला निम्मेच डबे ढकलावे लागतात. मोकळ्या डब्यांची वजने एकमेकांच्या जवळ असावीत आणि त्यांची चाके हलकी फिरावीत, कारण मोटारीचा डबा इंजिनापेक्षा हलका असतो आणि त्याच्या पकडीत उधळपट्टीला जागा नसते.

हे सगळे करूनही लांब मालगाडी चढत नसेल, तर कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना करतात तसे मागे दुसरे इंजिन लावणे रास्त आहे. त्यासाठी दोन्ही इंजिने वेगळी, एकाच व्होल्टेजवर, रिकामी चालवून त्यांचे वेग जुळवून घ्यावेत. मागचे इंजिन पुढच्यापेक्षा किंचित मंद असावे. ते जलद असेल तर मधल्या वाघिणी दाबल्या जातात आणि वळणावर सर्वांत हलकी वाघीण रूळ सोडते. म्हणून हलक्या वाघिणी गाडीच्या मध्यावर किंवा मागच्या इंजिनाच्या बरोबर पुढे लावू नयेत, तर पुढच्या इंजिनापासून पाच-सहा वाघिणींच्या अंतरावर, जेथे कपलर चढावर ताणलेलेच राहतात, अशा जागी लावाव्यात. गाडी चढावर असताना कपलरमधली फट पाहिली की ती जागा कुठे संपते हे लगेच समजते.